सहावा नियम माझा होता

केंद्रातले मोठे साहेब म्हणाले, वहिनी, घरचं माणूस म्हणून तुम्हीच चार ओळी लिहा, स्पर्धेच्या पानावर सगळ्यात वर टाकू, खाली नियम असतील. बरं म्हटलं आणि घरी आले, पण चार ओळींत माणूस बसत नाही. मी शिकलेली सातवीपर्यंत, तेव्हा बोलते तसंच लिहिते. आणि एक गोष्ट मी अजून कुणालाच सांगितलेली नाही, ती या निमित्ताने सांगून टाकायची आहे.

तुम्ही ज्यांना पट्टी सर म्हणायचात ते माझे धाकटे दीर. मी या घरात आले तेव्हा अकरा वर्षांचे होते. मी त्यांना गंमत म्हणून भावजी, तुम्ही, असं करायचे आणि ते मला सरळ वहिनी, तू. तेच शेवटपर्यंत राहिलं. लग्न त्यांनी केलं नाही. विचारलं की म्हणायचे, अटी जुळत नाहीत. खाली माझं शिवणकामाचं दुकान, चार मशिनी, वर आम्ही तिघं. केंद्रात चौदा वर्षं त्यांनी कॉम्प्युटरची खोली सांभाळली आणि मोठ्या वयाच्या लोकांना शिकवलं. कुणी चाळिशीचा ड्रायव्हर, कुणी नोकरी गेलेली बाई, अशी माणसं.

पट्टी हे नाव बरोबर होतं. कामावर पाच मिनिटं उशीर झाला तर स्वतःच्या नावापुढे स्वतःच लाल रेघ मारायचे. घरात पत्ते खेळायला बसले की आधी कागद घ्यायचे, हे चालेल, हे चालणार नाही, बरोबरी झाली तर काय. आमचे हे पानं पिसून पिसून कंटाळायचे. म्हणायचे, "याच्याबरोबर खेळायचं म्हणजे आधी कोर्टात जाऊन यायचं." भावजी म्हणायचे, "दादा, तू हरल्यावर भांडतोस, मी खेळायच्या आधी भांडतो. माझं बरं."

प्रोग्रॅम म्हणजे काय हे मला त्यांनीच समजावलं. म्हणाले, तू नव्या बाईला सांगतेस ना, आधी खांदा जोड, मग बाही, मग कॉलर, तसंच कॉम्प्युटरला सांगायचं. फक्त त्याला स्वतःची अक्कल नाही, म्हणून सुईत दोरा ओव हेसुद्धा सांगायचं. तेव्हापासून मला त्या कामाची भीती वाटली नाही.

केंद्राने स्पर्धा काढली. शिकणाऱ्याने एक लहानसा प्रोग्रॅम करायचा आणि तो कसा केला हे दाखवणारा व्हिडिओ पाठवायचा. बक्षीस साधंसुधं नव्हतं. लॅपटॉप आणि एका ऑफिसात सहा महिने काम, जमलं तर पुढे कायम. पहिल्या वर्षी ज्याला जास्त लाइक तो पहिला असं ठरलं होतं. जिंकला कोण, तर ज्याच्या भावाचं मोबाइलचं दुकान होतं तो. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या फोनवरून लाइक मारून घेतलं. प्रोग्रॅम काय होता ते त्यालाही धड सांगता आलं नाही. भावजी त्या दिवशी घरी आले ते बूट न काढताच माझ्या कापड कापायच्या टेबलापाशी बसले.

"वहिनी, पुढच्या वर्षी नियम मी करणार. आणि तू मला मदत करणार."

"मी? मला त्यातलं काय कळतं?"

"कॉम्प्युटरमधलं नको. लबाडीतलं कळतं तेवढं पुरे."

ते खरं होतं. तीस वर्षं दुकान चालवलं. कापडातला तुकडा खिशात घालणारे, दुसरीकडून शिवून आणून मी शिवलं म्हणणारे, सगळे नमुने बघून झालेत. मग रोज दुपारी दोन ते तीन, दुकान बंद असायचं तेव्हा, आम्ही टेबलावर बसायचो. ते नियम वाचायचे आणि मी त्यातून पळवाट काढायची.

"चल, तू चोर. नियम पहिला. लाइक मोजायचे नाहीत, परीक्षक मार्क देतील."

"परीक्षकाचा भाचा असला तर?"

लिहिलं, व्हिडिओत नाव नाही, चेहरा नाही, फक्त नंबर. स्क्रीन आणि हात एवढंच दिसेल.

"एखाद्याने भारी कॅमेरा आणला, मागे गाणं लावलं, तर?"

लिहिलं, साध्या फोनवर, एका दमात, गाणं नाही, मध्ये कापायचं नाही. चूक झाली तर ती तशीच ठेवून दुरुस्त करून दाखवायची, त्याला जास्त मार्क. हे त्यांचं स्वतःचं. म्हणायचे, चूक न करणाऱ्याला मी काय शिकवणार?

"चोर थकला का?"

"चोर चहा टाकतोय. तोपर्यंत पोलिसांनी कात्र्या जागेवर ठेवाव्यात."

असं करत पाच नियम झाले. मग मी म्हटलं, भावजी, सगळ्यात मोठी चोरी राहिली. चेहरा नाही, मग ते हात कुणाचे हे कसं कळणार? काम करेल एक आणि पाठवेल दुसरा. ते पेन चावत बसले. मीच म्हटलं, आवाज स्वतःचाच घ्या. दुसऱ्याच्या कामावर बोलायला गेलं की माणूस अडखळतो, मी रोज बघते. आणि बक्षिसाच्या वेळी माइक समोर धरून दोन वाक्यं बोलायला लावा, म्हणजे आवाज जुळतो का ते सगळ्यांनाच कळेल.

टेबलावर अशी थाप मारली त्यांनी की टाचण्यांची डबी खाली पडली. "वहिनी, तू चुकून शिवणकामात आलीस!" आणि माझ्यासमोर लिहिलं. नियम सहावा, आवाज स्पर्धकाचा स्वतःचाच असावा, नसल्यास स्पर्धक बाद. मला इतका आनंद झाला की मी टाचण्या वेचता वेचता हसत होते.

आता कळलं ना. तो नियम माझा.

बक्षिसाच्या दिवशी मी हॉलमध्ये गेले होते, मागून तिसऱ्या रांगेत. नंबर सतरा पहिला आला. पडद्यावर तो व्हिडिओ दाखवला. एका लॉन्ड्रीत तीन दवाखान्यांच्या चादरी येतात आणि एकमेकांत मिसळतात, मग कुणाच्या किती परत गेल्या यावरून रोज भांडणं. त्या प्रोग्रॅममध्ये गठ्ठ्याचा नंबर टाकला की कुठली चादर कुठे राहिली ते समोर यायचं. मलासुद्धा कळलं. मध्ये एकदा चुकलं, तर हात थांबले, मागे गेले, एक ओळ खोडली, परत चाललं. मी मनात म्हटलं, या हातांना मी कामावर ठेवलं असतं.

नंबर उघडला. एक सडपातळ मुलगी, बावीस-तेवीसची, स्टेजवर गेली, केंद्राच्या दुसऱ्या शाखेतली, म्हणून भावजींच्याही ओळखीची नव्हती. लॅपटॉपचं खोकं तिच्या हातात दिलं. भावजींनी हसत माइक तिच्यापुढे धरला.

ती बोलली नाही. भावजी हळूच म्हणाले, "घाबरू नका, दोनच वाक्यं." ती माइककडे बघत राहिली. तिने गळ्यावर हात ठेवला आणि मान हलवली. समोरच्या रांगेतून तिची मोठी बहीण उठली, म्हणाली, सर, तिला बोलता येत नाही, लहानपणी घशाचं ऑपरेशन झालं, ऐकू येतं, काम सगळं तिचं आहे, मी फक्त तिने लिहून दिलेलं वाचलं.

तेवढ्यात दुसऱ्या नंबरवाल्याच्या लोकांतून कुणीतरी ओरडलं, "नियम सहा वाचा!"

मोठे साहेब भावजींकडे बघायला लागले. भावजींच्या हातात नियमांचा कागद होता, तो त्यांनी वर धरला. मग वाचला. पूर्ण वाचला, नसल्यास स्पर्धक बाद इथपर्यंत. ते खोकं त्यांनी मागितलं नाही, तिनेच परत दिलं, दोन्ही हातांनी, आपण एखाद्याला ताट देतो तसं. भावजींनी घेतलं. मी मागून तिसऱ्या रांगेत बसूनच होते. उठून म्हणायला हवं होतं की नियम माझा आहे, चूक माझी आहे. नाही उठले.

त्या दिवशी भावजी जेवले नाहीत. आमचे हे म्हणाले, "अरे, नियम म्हणजे नियम. तूच वाकवला असतास तर उद्या तुलाच लोकांनी नावं ठेवली असती." भावजी म्हणाले, "दादा, वाकवायचा नव्हताच. मुळात नीट कापायचा होता." मी पुढे झाले, म्हटलं मी सांगते केंद्रात, कल्पना माझी होती. तर माझ्यावर जन्मात पहिल्यांदा ओरडले. "सही माझी आहे. तुझं नाव यात आणायचं नाही." आणि शेवटपर्यंत आणलं नाही. लोक त्यांना पाठीमागे दगड म्हणायला लागले, दगडाला तरी पाझर फुटेल म्हणाले, ते सगळं एकट्याने ऐकून घेतलं.

तिच्या घरी ते तीनदा गेले. दार उघडलं नाही. तिसऱ्यांदा बहीण खिडकीतून म्हणाली, "सर, तुमचा नियम बरोबर होता ना? मग आता आमच्याकडून काय हवंय?" घरी येऊन मला तेवढं एक वाक्य सांगितलं आणि वर गेले. मुलीने केंद्र सोडलं. ज्या लॉन्ड्रीतून बाहेर पडायला तिने तो प्रोग्रॅम केला तिथेच बहिणीच्या शेजारी इस्त्रीला उभी राहिली.

मग आम्ही परत टेबलावर बसायला लागलो, पण आता हसणं नव्हतं. ते लिहायचे, ज्यांना बोलता येत नाही त्यांना सूट. मी चोर म्हणून म्हणायचे, मग घसा बसला म्हणून डॉक्टरचा दाखला आणतील. ते म्हणायचे, आणि तिच्याकडेही दाखला मागायचा? बोलता येत नाही याचा कागद आण म्हणू तिला? फाडलं. आवाजाचा नियमच नको म्हटलं तर पुन्हा तो मोबाइल दुकानवाल्याचा भाऊ आत येतो. फाडलं. टेबलाखाली चिंध्यांबरोबर कागदाचे तुकडे असायचे. सूट शब्द त्यांना नकोच होता. म्हणायचे, सूट दिली की तिला वाटणार उपकार केले. असा नियम हवा जो सगळ्यांना सारखा लागेल आणि त्यात ती आपोआप बसेल.

खोकला तेव्हाच सुरू झाला होता. मी काढे दिले, ते कागद फाडत राहिले. दवाखान्यात नेलं तेव्हा फुप्फुसं निम्मी गेलेली होती. आठवड्यात श्वास घेता येईना म्हणून गळ्याला भोक पाडून नळी घातली. आवाज गेला. मी त्यांना शाळेच्या मुलांसारखी वही आणि पेन्सिल आणून दिली. त्यावर त्यांनी पहिलं काय लिहिलं असेल? पाणी नाही, दुखतंय नाही. लिहिलं, "वहिनी, आता मीही बाद."

मी रडले तर पेन्सिलीने पलंगाच्या दांड्यावर टकटक करून खूण केली, म्हणजे बस झालं, कामाला लाग.

पलंगाशेजारच्या स्टुलावर मी बटणांची पिशवी घेऊन बसायचे, काज करत. एक दिवस बोलता बोलता सहज दुकानातलं सांगत होते. नवी बाई आली कामाला, छान शिवलेला शर्ट दाखवायला घेऊन आली. मी काही विचारलं नाही तिला. शिवलेला तर कुणीही आणेल. मी त्याच शर्टाची एक बाही उसवली आणि म्हटलं, आता ही अर्धा इंच वर घेऊन बसव. ज्याने शिवलंय त्याला आपली शिवण कुठून उघडते ते माहीत असतं. तिचे हात बरोबर गेले, एक शब्द न बोलता. ठेवून घेतली.

भावजींनी माझा हात धरला. इतक्या जोराने की सुई माझ्याच बोटात गेली. वही मागितली. दोन दुपारी लागल्या त्यांना ते लिहायला, अक्षर वाकडंतिकडं, पट्टी सरांचं अक्षर म्हणून कुणी ओळखणार नाही. पण मी समोर बसले होते. लिहून झाल्यावर माझ्याकडे फिरवलं. मी वाचलं, परत वाचलं. सगळ्या बाजूंनी चोरी करून बघितली. नाही सापडली. तसं सांगितलं त्यांना. ते किती दिवसांनी हसले. चार दिवसांनी सकाळी मी खाली पाण्याची बाटली भरायला गेले, वर आले तर नर्स नळीपाशी उभी होती आणि दांड्यावरची टकटक बंद झालेली.

दिवसकार्य झाल्यावर मी वहीचं पान घेऊन केंद्रात गेले. मोठे साहेब फार चांगलं बोलले. म्हणाले, यंदापासून स्पर्धेला सरांचं नाव द्यायचं ठरलंय. आणि त्यांची आठवण म्हणून त्यांनी केलेले नियम जसेच्या तसे ठेवतोय, एक अक्षरही बदललेलं नाही.

मी पान पुढे केलं. म्हटलं, "साहेब, सहावा बदललाय त्यांनी."

त्यांनी चष्मा लावून पाहिलं. "वहिनी, यावर सही नाही, तारीख नाही. आजारी माणसाने काहीतरी लिहिलेलं. नियम छापूनही झाले. समजून घ्या."

"मग एक पान परत छापा. मी हाताने चिकटवून देते."

"असं नसतं हो."

पान त्यांनी परत दिलं आणि चहा मागवला. मी चहा घेतला नाही.

तिथून मी लॉन्ड्रीत गेले. आत वाफच वाफ, ओल्या कापडाचा वास, लांब टेबलं. ती तिसऱ्या टेबलाला. मला ओळखलं नाही, कशाला ओळखेल? मी म्हटलं, पट्टी सरांकडून आलेय, मी त्यांची वहिनी. तिचा चेहरा दगडासारखा झाला. इस्त्री उभी ठेवली. मी पान दिलं. तिने वाचलं, दोन्ही हात टेबलाला टेकवून, सावकाश. मग खिशातून फोन काढला आणि लिहून माझ्यासमोर धरलं. "सर स्वतः का नाही आले?"

मी सांगितलं. गळ्याची नळीही सांगितली, वहीवर लिहायचे तेही सांगितलं. आणि हेही सांगितलं की आवाजाचा नियम माझ्या डोक्यातून आला होता, माइकही माझाच. तिने माझ्याकडे बघितलं. माफ केलं असं काही मला दिसलं नाही आणि मी ते मागायलाही गेले नव्हते. तिने पानाचा फोटो काढला. पान परत दिलं, दोन्ही हातांनी, अगदी तसंच. मागून मुकादम ओरडला, गठ्ठे वाढतायत म्हणून, आणि तिने इस्त्री उचलली. यंदा फॉर्म भरशील का असं मी विचारलं नाही. आधी नियम तर बदलू दे.

साहेब, तुम्ही चार ओळी मागितल्या होत्या. वरचं सगळं काढलंत तरी चालेल, माझी चूक होती एवढं राहू द्या, आणि खालच्या चार ओळी घ्या. त्या माझ्या नाहीत.

नियम सहावा. आवाज कुणाचाही चालेल, नसला तरी चालेल.
परीक्षक स्पर्धकाला समोर बसवून त्याच्या प्रोग्रॅममध्ये एक बदल करायला सांगतील.
तो बदल ज्याला करता येईल, काम त्याचं.
हे सगळ्यांना सारखं, यात कुणाला सूट नाही.

याच्याखाली त्यांनी लिहिलंय, "चोर, बोल." तुम्ही सगळे शिकलेले आहात, शोधा पळवाट. सापडली तर मला येऊन सांगा, मी दुकानात असते. नाही सापडली तर छापा. आणि छापायचा नसेल तर स्पर्धेवरचं त्यांचं नाव काढा, कारण जुन्या नियमाने ते स्वतःच बाद आहेत.